मोडीच्या साइटला वाचक कुठून आणायचे: व्हॉट्सॲप, फेसबुक की मायबोली?

एका मित्राने मोडी लिपीच्या सरावाची छोटी साइट काढली आहे. जाहिरातीला पैसे नाहीत, म्हणून ग्रुपांत सांगत सुटायचं ठरलंय. पण कुठल्या ग्रुपांत? मी याच वाटेने दोन-तीन वर्षं चाललोय, म्हणून हा हिशेब मांडतोय.

सगळे व्हॉट्सॲपपासून सुरुवात करतात. एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात आणि इतिहासप्रेमींचे, गडप्रेमींचे ग्रुप गच्च असतात. लिंक टाकली की तासाभरात लोक येतात, संध्याकाळी ती फुलांच्या फोटोंखाली गाडली जाते. गुगललाही ती कधी सापडत नाही. लिंकला यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) जोडली नाही तर ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांच्या मोजणीत, ही माणसं 'डायरेक्ट' म्हणून दिसतात आणि कुठल्या ग्रुपाने काम केलं ते कळतच नाही. लिंकसोबतचं चित्र ६०० केबीच्या आत ठेवा, नाहीतर ते दिसेलच असं नाही, आणि चित्राविना लिंकवर फारसं कुणी बोट ठेवत नाही.

टेलिग्रामवर ग्रुप दोन लाखांपर्यंत वाढतो आणि पीडीएफ टाकायला जागा भरपूर. शिकणाऱ्यांना सरावाचे कागद पुरवायला उत्तम. नवा वाचक मात्र तिथे आपणहून फारसा येत नाही.

माझा कल फेसबुककडे आहे. मोडीच्या ग्रुपांत लोक प्रश्न घेऊन येतात: पणजोबांच्या खरेदीखताचा फोटो, कागद चार घड्यांचा, त्यावर मोबाइलची सावली आणि खाली 'यात काय लिहिलंय, कुणी सांगेल का?' २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी दप्तरं पुन्हा उघडली, आणि कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, पानांचे फोटोही येऊ लागले. अशा माणसाला नुसती लिंक दिलीत तर तो चिडेल, आणि बरोबरच आहे. आधी दोन ओळी वाचून द्या. आडवी रेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवलेली असतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून हे आडनाव असं दिसतंय, एवढं सांगा. मग 'अशी अक्षरं इथे गिरवता येतील' म्हणून लिंक. त्या वाटेने आलेला माणूस टिकतो, कारण त्याला स्वतःच्या घरचा कागद वाचायचा असतो.

हे मला उशिरा कळलं. पहिल्याच आठवड्यात मी एकच मजकूर पाच ग्रुपांत चिकटवला होता. एका ग्रुपातून ॲडमिनने न बोलता काढून टाकलं. दोष माझाच. फेसबुकची खोट वेगळीच आहे: खाजगी ग्रुपातलं उत्तर बाहेरच्याला शोधून सापडत नाही, त्यामुळे तोच प्रश्न दर महिन्याला नव्याने येतो.

मायबोलीचं याच्या नेमकं उलट. १९९६ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर लोक लांब लेख वाचतात, आणि जुना लेखही गुगलवरून वर येत राहतो. पण तिथे जाहिरात खपवून घेत नाहीत, तिच्यासाठी वेगळा विभाग आहे. म्हणजे दोन संध्याकाळी घालवून खरा लेख लिहायचा, साइटचा उल्लेख ओघात, आणि प्रतिसादांतल्या खोचक शंकांना उत्तरं द्यायची. रेडिटवरच्या मराठी मंडळींचे प्रश्न निराळे असतात: मोडी युनिकोडमध्ये २०१४ मध्येच आली, तरी माझ्या फोनवर चौकोन का दिसतात? तुमच्याकडे फॉन्टवर एखादं पान असेल तर तिथे जा.

'लिंका टाकून गुगलवर क्रमांक वाढवू' असं मित्र म्हणत होता. तो नाद सोडा. अशा ठिकाणच्या लिंकांवर बहुधा 'नोफॉलो' किंवा 'यूजीसी'चा शिक्का असतो, म्हणजे क्रमांक ठरवताना ही लिंक धरू नका असं गुगलला सांगणारी खूण. माणसं येतील, क्रमांक नाही.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू करायचा असेल तर व्हॉट्सॲप. साइट चार वर्षं चालवायची असेल तर रोज अर्धा तास फेसबुकवर उत्तरं आणि महिन्याला मायबोलीवर एक लेख. दोन्ही झेपत नसेल तर फेसबुकच धरा.

एक राहिलं. ग्रुपातला कागदाचा फोटो सरावासाठी साइटवर घ्यायचा असेल तर मालकाला आधी विचारा. जमिनीचा दावा कोर्टात चालू असतो, आणि समोरचा भाऊबंद त्याच ग्रुपात असतो.