जावयांचा मूळपुरुष आणि फॅमिलीसर्च

माझी मुलगी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियालला असते. जावई तिथलेच, घरी फ्रेंच बोलणारे. मागच्या दिवाळीत धनकवडीला आले तेव्हा म्हणाले, "बाबा, आमचा मूळपुरुष फ्रान्सहून आलेला कॉर्दोनिए होता." कॉर्दोनिए म्हणजे जोडे शिवणारा. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात पायताणं शिवायचे. मी त्याच रात्री ठरवलं, हा माणूस आपण शोधायचा.

फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधायची साइट पूर्ण फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. क्वेबेकच्या कॅथलिक चर्चच्या 1621 ते 1979 पर्यंतच्या वह्या तिथे आहेत: बाप्तिस्मा, लग्न, दफन. पाद्र्यांना वहीच्या दोन प्रती ठेवाव्या लागत, एक चर्चची आणि एक कोर्टात द्यायची. त्यामुळे एक जळाली तरी दुसरी सापडण्याची आशा असते. अक्षर मात्र मोडीइतकंच दमवतं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणारी शेजारची मुलगी रविवारी सकाळी येऊन बसायची, म्हणून जमलं.

दोन महिने अडलो ते आडनावावर. तिथे एकाच घराला दोन आडनावं असत, मधे 'दी' हा शब्द. हुडों दी बोल्यो. आपल्याकडचं 'ऊर्फ'च. पुढे एक भाऊ पहिलं नाव लावतो, दुसरा दुसरं. दोन्ही नावांनी शोधलं तेव्हा बोपोर गावातली 1720 च्या दशकातली लग्नाची नोंद हाती लागली.

त्या नोंदीत नवऱ्याच्या आईबापांची नावं होती, तशीच नवरीच्याही आईबापांची. नवरीच्या आईचंसुद्धा माहेरचं आडनाव! तिथे बाईची नोंद शेवटपर्यंत माहेरच्या नावानं होत राहते, अगदी दफनाच्या वहीतही. मी बराच वेळ ते पान बघत राहिलो. जातीच्या दाखल्यासाठी आम्ही तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीची, नक्कल काढली होती, त्यात आजोबांच्या जन्माच्या नोंदीत फक्त बापाचं नाव आहे. आजीचं लग्नात नाव बदललं. तिचं माहेरचं नाव काय होतं, हे घरात आज कुणालाच सांगता येत नाही. जावयांच्या नऊ पिढ्यांमागच्या आजीचं नाव मला माहीत आहे आणि माझ्या आजीचं नाही, हे मनातून जात नाही.

पिढ्या जोडायला माँट्रियाल विद्यापीठाचा पीआरडीएच हा जुन्या क्वेबेकच्या लोकसंख्येचा प्रकल्प जास्त भरवशाचा. 1966 पासून चाललेलं काम आहे आणि एकेका माणसाच्या सगळ्या नोंदी अभ्यासकांनी एकत्र बांधल्या आहेत. त्याला पैसे पडतात, पण सार्थकी लागतात. फॅमिलीसर्चवरचा सामायिक वंशवृक्ष कुणीही बदलू शकतो, म्हणून तिथलं नाव मूळ पानाशी ताडल्याशिवाय घेऊ नका. दुसऱ्या एका सशुल्क साइटवर मला एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एक करून दिले होते आणि न विचारता पुढच्या वर्षाची वर्गणीही कापली. ती मी बंद केली.

धंद्याचा पुरावा चर्चच्या वहीत नव्हता. तो क्वेबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर नोटरींच्या दस्तांत मिळाला, तेही फुकट. माणूस गेला की नोटरी घरी येऊन एकेक वस्तू लिहून घ्यायचा. आमच्या कॉर्दोनिएच्या यादीत लोखंडी भांडी, एक गाय, आणि मग: आलेन, त्राँशे, फॉर्म. शेजारच्या मुलीनं शब्दकोश उघडायच्या आत मी ओळखलं. आरी, रापी, लाकडी फर्मे. वडिलांची रापी अजून माझ्या कपाटात आहे. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती हातात धरून दाखवली, तर जावईबापू म्हणाले, "बाबा, जरा जवळ धरा, आईला दाखवतो."