हंगामापूर्वी सहल की हंगामभर बैठक? जिनिंगमधील संघबांधणीचा विचार

दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक वाढू लागण्याआधी, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणारा कारखाना) चालवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी ठरवायचे असते की, कामगारांत एकजूट यावी म्हणून हाताशी असलेली थोडी रक्कम चिखलदऱ्याच्या सहलीवर खर्चावी, की दर आठवड्याला अर्धा तास यंत्रे थांबवून सर्वांनी एकत्र बसावे.

सहलीचा लाभ खरा आहे. काट्यावरचा कारकून, फिटर आणि कचरा वेचणाऱ्या महिला एरवी कामापुरतेच बोलतात. एका पंगतीत जेवल्यावर ओळख होते. नवी माणसे जास्त असतील त्या वर्षी सहल अवश्य काढावी, मात्र रोजंदारीवरील माणसाला त्या दिवसाची मजुरी द्यावी. मी हिशेब पाहत होतो त्या एका जिनिंगने ती रविवारी बिनमजुरीची काढली. महिलांपैकी एकही आली नाही आणि मनात अढी मात्र राहिली.

बैठकीचे मोल मला अधिक वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडले की, गट आधी जमतो, मग त्यात खटके उडतात, पुढे रीत ठरते आणि त्यानंतरच काम जुळून येते. सहल पहिल्या टप्प्यावरच संपते. खटके उडतात ते डिसेंबरात, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना. ओला कापूस जिनमध्ये अडकतो, रुईची प्रत उतरते, आणि तो उतरवून घेतला कोणी यावरून कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर व मशीनवाले एकमेकांकडे बोट दाखवतात. हे त्याच आठवड्यात समोरासमोर बोलले गेले, तर पुढची गाडी आत घेण्याआधी ओल तपासण्याची जबाबदारी एका माणसावर ठरते.

असे एकत्र बसण्याचे मोल गावपातळीवरही दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची उलटसुलट चर्चा होते. २००९ मध्ये गावाला मिळालेल्या सामूहिक वनहक्कामागे अशा अनेक वर्षांच्या बसण्याची शिदोरी होती.

बैठकीत व्यवस्थापकच बोलत राहिला तर ती हुकूम सांगण्याची जागा होते. म्हणून पहिला शब्द हमालांना द्यावा आणि ठरलेले रजिस्टरमध्ये लिहावे. रक्कम एकाच गोष्टीपुरती असेल तर बैठक निवडावी, आणि पुढे पैसे जमले तर सहल आवक ओसरल्यावर, सर्वांची मजुरी चुकती करून काढावी.