कोलकाता, दहा महिने वापरून

बँकेतून बदलीचा कागद आला तेव्हा पुण्यात सगळ्यांनी दोनच गोष्टींची भीती घातली, मासे आणि गर्दी. मी शाकाहारी, त्यामुळे पहिलीचा धसका जरा जास्तच. दहा महिने झाले, दोन्हींनी काही बिघडवलं नाही. छळलं ते सूर्याने आणि ओलीने, आणि त्याबद्दल एकानेही सावध केलं नव्हतं.

आधी सूर्य. पुणे आणि कोलकाता यांच्यात रेखांशाचं साडेचौदा अंशांचं अंतर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक तास. घड्याळ मात्र देशभर एकच. शाळेत हे गणित सोडवून मार्क मिळवले होते, पण नोव्हेंबरअखेर पाच वाजायच्या आत दिवस मावळला तेव्हा ते अंगावर आलं. बँकेतून बाहेर पडावं तर मिट्ट काळोख. डिसेंबरभर मी आठ वाजता जेवून झोपाळल्यासारखी बसायचे आणि या शहराला बोल लावायचे. दोष खरं तर माझा होता. मी इथेही संध्याकाळ शोधत होते आणि इथली माणसं सकाळ वापरतात. जूनमध्ये पाचच्या आधी लख्ख उजाडतं. आता मी पाचला उठते, रवींद्र सरोवराला (इथे नुसतं 'लेक' म्हणतात) एक फेरी मारते, येताना बाजार करते, आणि हे सगळं पुण्यातल्या माझ्या पहिल्या चहाच्या आधी उरकलेलं असतं. बदलून येणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात गजर तासभर अलीकडे घ्यावा. मला ते कळायला सहा महिने लागले.

आता ओल. ढाकुरियात तळमजल्यावरचं जुनं घर पाहिलं. लाल कोबा, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, भर उन्हातही गारवा. पाहताक्षणी भाळले आणि डिपॉझिट देऊन मोकळी झाले. जुलैत कपाट उघडलं तर चामडी पर्स पांढरी, चपलांवर बुरशी, दाण्याचं कूट खवट, मिठाचं पाणी. भिंतीला हात लावला तर तळवा ओला. घरमालक काकूंना खाली बोलावलं. त्यांनी भिंतीकडे मायेने पाहिलं आणि म्हणाल्या, "ड्यॅम्प." घरातल्या कुणा वडीलधाऱ्या माणसाची ओळख करून द्यावी तशा. दुर्गापूजा संपताच मी त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर गेले. जुनी घरं जरूर पाहा, पण पाहायची तर पावसाळ्यात, आणि हात लावून.

सामान आणणाऱ्या कंपनीबद्दल फार लिहीत नाही. पाच दिवस सांगून बाराव्या दिवशी आले आणि लोखंडी कपाटाचं दार कायमचं करकरायला लागलं. स्कूटर मात्र आणली नाही, ते बरं केलं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथली नोंदणी करावी लागते, त्यासाठी आधी पुण्याच्या आरटीओकडून ना-हरकत आणायची, इथे पुन्हा रोड टॅक्स भरायचा. पंधरा वर्षांच्या स्कूटरसाठी एवढा घोर कोण लावून घेणार?

तिची उणीव फारशी भासतही नाही. सकाळी गडियाहाटहून राशबिहारीपर्यंत शेअर रिक्षा, पुढे कालीघाटहून मेट्रो. देशातली पहिली मेट्रो हीच, १९८४ची. आता हुगळीच्या पोटातूनही एक मार्ग जातो. हावड्याला जाताना नदी केव्हा ओलांडली ते कळतही नाही. रिक्षात मात्र एकच नियम, सुटे पैसे. इथे त्याला 'खुचरो' म्हणतात. शंभराची नोट काढलीत की रिक्षावाला असा चेहरा करतो की आपल्यालाच अपराधी वाटावं. सोबतचे प्रवासीही त्याचीच बाजू घेतात.

भाषेने मजा आणली. इथे चहा 'खातात', पाणीही खातात. रागाला राग म्हणतात. कामाला येणाऱ्या बाईंना आपण मावशी म्हणतो, इथे माशी, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं जमून गेलं. माझ्या नावातल्या 'व'चा पहिल्या तासात 'ब' झाला, तो तसाच आहे. बोंटी म्हणजे आपली विळीच, फक्त बाजारात तिच्यावर हातभर लांबीचा कातला मासा चिरताना दिसतो. आणि 'निरामिष' म्हणजे नुसतं बिनमाशांचं नव्हे हे लक्षात ठेवा, त्यात कांदा-लसूणही नसतो. मी निरामिष म्हटल्यावर माशींनी महिनाभर मला बिनकांद्याची आमटी खिलवली, तीही साखर घालून.

किराण्याचं म्हणाल तर कढीपत्ता आणि ओला नारळ लेक मार्केटात मिळतो, तिथे दाक्षिणात्यांची जुनी वस्ती आहे. आंबेमोहोराची तहान इथल्या गोबिंदभोग तांदळावर भागते. ज्वारीच्या पिठाला आणि गोड्या मसाल्याला पर्याय नाही. ते आझाद हिंद एक्सप्रेसने येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून येतं.

'महाराष्ट्रातून आले' म्हटलं की दहातला एक तरी 'बर्गी?' म्हणून हसतो. हा शब्द आपल्या 'बारगीर'वरूनच आला. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी १७४० च्या दशकात बंगाल असा होरपळला की इथे मुलांना अजून बर्गींच्या नावाने झोपवतात. कलकत्त्याने तर भीतीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. बर्गी कलकत्त्यावर आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवून त्यावरून रस्ता गेला. बागबाजारात आजही 'मराठा डिच लेन' आहे. मी मुद्दाम जाऊन आले. शाळेत अटकेपार शिकले होते, हे कुणी शिकवलं नव्हतं. पाटीखाली उभी राहिले तेव्हा फोटो काढायचं धैर्य झालं नाही.

हिवाळ्यात खजुराच्या झाडाच्या रसाचा नवा गूळ येतो, नोलेन गूड. त्याची एक ढेप मी होळीपर्यंत लपवून ठेवली आणि पुरणपोळ्या केल्या. पुरणाला किंचित धुरकट वास आला, रंग काळपट. माशींनी एक खाल्ली, दुसरी मागितली आणि म्हणाल्या, डालपुरी चांगली झाली, पण एवढी गोड कशाला? दहा महिने माझ्या आमटीत साखर टाकणारी बाई हे म्हणाली.