ग्रुप चॅलेंजचं शिबिर: पैसे खेळांचे घेतले, कामाला आली ती निरीक्षकाची वही

टीमवर्क शिबिरानंतर आयोजकांनी कबूल केलेली फॉलोअप भेट शेवटपर्यंत झाली नाही. त्यावरून त्यांच्याशी बरीच वादावादी झाली. आता ते प्रकरण मिटलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. उन्हाळ्यात सेटर (मशिन लावून देणारा), ऑपरेटर, क्यूसी (माल तपासणारे), हेल्पर अशी सगळी टीम साताऱ्याला यवतेश्वरच्या बाजूला एका रिसॉर्टवर नेली होती, एक दिवसाच्या नेतृत्व आणि टीमवर्क शिबिराला. माणशी साडेतीन हजार, वर गाडीभाडं, शिवाय दिवसभर मशिनं बंद. लहान कारखानदाराला हा खर्च बोचतो. तो वसूल होतोय का, हे मी तेव्हापासून बघतोय.

खेळ नेहमीचेच. डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीचा चौकोन करायचा, तो आमच्या लोकांना आवडला. पण मला बोलायचंय ते स्पॅगेटीच्या मनोऱ्याबद्दल. कच्च्या स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा, टोकावर ठेवायला एक मार्शमॅलो (साखरेचा मऊ गोळा) आणि १८ मिनिटं; यातून उंचात उंच मनोरा उभा करायचा. डिझायनर पीटर स्किलमन यांनी हा खेळ तयार केला आणि टॉम वुजेक यांनी जगभर पोचवला. बालवाडीतली पोरं या खेळात बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांना मागे टाकतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पोरं पहिल्यापासून मार्शमॅलो वर ठेवून बघतात. मोठी माणसं आराखडा करण्यात वेळ घालवतात, गोळा अगदी शेवटी ठेवतात आणि मनोरा वाकतो. आमचाही वाकला. सगळे हसले, फोटो निघाले.

आणि इथेच माझा राग आहे. या खेळावर चर्चा झाली जेमतेम पाच मिनिटं, कारण जेवण तयार होतं. दोरीच्या खेळावरची चर्चा चहासाठी आवरली. अनुभवातून शिकण्याबद्दल डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये जे चक्र मांडलं, त्यात चार टप्पे आहेत: अनुभव घेणं, त्याच्याकडे वळून बघणं, त्यातून नियम काढणं, तो नियम पुन्हा वापरून बघणं. आयोजकांच्या स्लाइडवर हे चक्र छान रंगवलं होतं. प्रत्यक्षात दिवसभर पहिलाच टप्पा चालला. बाकीच्या तिन्हींना वेळच नव्हता. खेळाचं सामान दोनशे रुपयांत येतं, ते मी वर्कशॉपमध्येही मांडू शकतो. मी पैसे मोजले होते ते खेळानंतरच्या बोलण्यासाठी.

नंतर नेतृत्वशैलीचे रिपोर्ट आले. सेटर आणि क्यूसीची मुलगी या दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या माणसांचे परिच्छेद शब्दशः सारखे होते, नाव तेवढं बदललेलं. तेव्हा मी एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

मत बदललं ते तक्रारीनंतर. खेळ चालू असताना कोपऱ्यात वही घेऊन उभा असणारा एक तरुण निरीक्षक होता. त्याने स्वतःहून फोन केला आणि आमच्या गटाच्या नोंदींचे फोटो पाठवले. कोण आधी बोललं, कोणाचं वाक्य कोणी तोडलं, वेळ संपत आल्यावर कोण गप्प झालं, सगळं टिपलेलं. मनोऱ्याच्या पानावर आमच्या सर्वांत धाकट्या हेल्परचं वाक्य दोनदा होतं: ‘गोळा आधी वर ठेवून बघूया की.’ दोन्ही वेळा पुढे लिहिलं होतं: कोणी ऐकलं नाही.

ते पान मी टीमसमोर वाचलं. सेटर थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘मालक, हे तर फर्स्ट पीसच झालं.’ अगदी बरोबर. लॉट लावण्याआधी पहिला नग काढून क्यूसीकडून पास करून घ्यायचा, हे आम्ही रोज करतो. पण नवीन फिक्स्चर (मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा नग, पकडून ठेवणारी चौकट) बनवताना मात्र सगळं पूर्ण करून मगच जॉब बसवून बघायचो. आता अर्धवट फिक्स्चरवरच एक जॉब बांधून बघतो, त्यामुळे पुन्हा खोलून करायचं काम बरंच घटलंय. शिफ्टच्या सुरुवातीला उभ्या उभ्या जे बोलणं होतं, त्यात आधी हेल्पर बोलतो, सेटर शेवटी.

एका मुद्द्यावर मात्र प्रशिक्षकांशी माझं अजून जुळत नाही. हुकूमशाही शैली वाईट, लोकशाही शैली चांगली, एवढंच त्यांनी सांगितलं. कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत आयोवामध्ये शाळकरी मुलांच्या गटांवर केलेले जे प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातला माझ्या कामाचा भाग वेगळाच आहे. हुकूम सोडणारा पुढारी खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम ढेपाळायचं. सर्वांना विचारून चालणाऱ्याचा गट तो नसतानाही काम करत राहायचा. मी ऑर्डरसाठी पुण्याला गेल्यावर मशिनं कशी चालतात, ही माझ्या शैलीची खरी परीक्षा. सध्या चांगली चालतात, हे समाधानाने लिहितोय.

पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या माणसांची घरं रिकामी करायची होती. तिथे चर्चा करत बसलो नाही. ‘ट्रॅक्टर आलाय, म्हाताऱ्यांना आधी चढवा, भांडी राहू देत,’ असं एकाने ओरडून सांगितलं आणि बाकीच्यांनी ऐकलं. तिथे तीच शैली बरोबर होती. वेळ कोणती आहे ते ओळखायला शिकवलं असतं तर शिबिराचं मोल वाढलं असतं.

सगळं धरून पाचपैकी तीन. त्यातले दोन त्या निरीक्षकाचे.

तुमची टीम नेणार असाल तर रिसॉर्ट आणि जेवणाचा मेनू नंतर बघा. प्रत्येक गटाला स्वतंत्र निरीक्षक आहे का, त्याच्या मूळ नोंदी आपल्याला मिळणार का आणि प्रत्येक खेळानंतर निदान अर्धा तास चर्चा आहे का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. फॉलोअप भेटीची रक्कमही वेगळी दाखवायला सांगा आणि ती भेट झाल्यावरच द्या.