कोल्हापूरच्या राजारामपुरीतला जागतिक इतिहासाचा वीकेंड कोर्स : लीग ऑफ नेशन्ससाठी तरी जावाच

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली तक्रारी पण हायत आणि राजारामपुरीत गल्लीगल्लीत क्लास, उगाच वाद नको. कोर्स जागतिक इतिहासाचा, शनिवार-रविवार, फी साडेतीन हजार. युपीएससीचा जीएस (सामान्य अध्ययन) पेपर एक डोळ्यापुढं ठेवून बनवलाय पण राज्यसेवा मुख्य परीक्षा उत्तरं लिहायची झाल्यापासनं एमपीएससीची पोरंच जास्त दिसतात. फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती वगैरे कुठंपण शिकवतात तसंच, त्यावर काय लिहायचं. पण देशादेशांनी एकत्र बसून युद्ध टाळायचा जो खटाटोप केला तो भाग सरांनी असला घेतलाय की तेवढ्यात पैसे वसूल.

एरवी नोट्समध्ये लीग ऑफ नेशन्स, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर निघालेला राष्ट्रसंघ, तीन ओळीत उरकतात. अमेरिकेचा अध्यक्ष विल्सननं काढली, अमेरिकाच आली नाही, हिटलर आला, विषय संपला. हे सर सुरुवातच १८९९ पासनं करतात, रशियाच्या दुसऱ्या निकोलस झारनं बोलावलेली हेगची परिषद, २६ देश जमलेले. शस्त्रं कमी करायचं काय जमलं नाही पण भांडण मिटवायला कायमचं लवाद न्यायालय निघालं आणि चौकशी आयोगाची सोय झाली. आता हे वाचायला कोरडं वाटतं, पण लगेच सर डॉगर बँकची गोष्ट सांगतात आणि सगळा हॉल जागा होतो. १९०४ ला जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमारानं रात्रीच्या अंधारात उत्तर समुद्रात ब्रिटिश मच्छीमारांच्या बोटी जपानी टॉर्पेडो बोटी समजून फोडल्या, माणसं मेली. जपान कुठं आणि उत्तर समुद्र कुठं! ब्रिटन खवळलं, आता युद्ध होतंयच असं वातावरण, पण हेगमध्ये ठरलं होतं तसा आयोग पॅरिसला बसला, रशियानं भरपाई दिली, मिटलं. १९०७ च्या दुसऱ्या परिषदेला ४४ देश होते, तिसरी व्हायच्या आधीच पहिलं महायुद्ध.

मग लीग, १० जानेवारी १९२० ला सुरू. महत्त्वाच्या निर्णयाला सगळ्यांचं एकमत पाहिजे ही अट सरांनी सातबाऱ्यावरनं समजावली, वडिलार्जित जमीन विकायची तर सगळ्या भावांच्या सह्या लागतात आणि एक भाऊ मुंबईत बसून सही करत नाही, झालं मग. पोरं खदाखदा हसली पण परीक्षेपर्यंत विसरणार नाहीत.

मला सगळ्यात भारी वाटला तो ग्रीसचा भाग. १९२३ ला ग्रीस-अल्बानिया सीमेवर इटालियन जनरल तेल्लिनीचा खून झाला, मुसोलिनीनं ग्रीसच्या कॉर्फू बेटावर तोफा डागल्या, बेट ताब्यात घेतलं. ग्रीस लीगकडं गेला पण प्रकरण लीगच्या हातातनं काढून बड्या देशांच्या राजदूतांच्या परिषदेकडं गेलं आणि उलट ग्रीसलाच ५ कोटी लिरा इटलीला द्यायला लागले. दोनच वर्षांनी, १९२५ ला, ग्रीसचं सैन्य बल्गेरियात घुसलं. आता लीगनं लगेच मागं फिरा म्हणून सांगितलं, फिरले, वर ४५ हजार पौंड भरपाई. सरांनी फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं आणि एवढंच विचारलं, ग्रीसनं दोन्ही वेळा पैसे का भरले? पोरांकडनंच उत्तर आलं, पहिल्यांदा समोर मोठा होता, दुसऱ्यांदा समोर लहान होता आणि मोठ्यांचं आपापसात जमलेलं होतं. लीग फेल का गेली ह्याचं उत्तर मला तरी ह्या एका जोडीत मिळालं, पुढचं मांचुरिया आणि ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) त्याच धाग्यात बसतंय. जपाननं चीनचा मांचुरिया बळकावला म्हणून लीगचा लिटन आयोग तिथं गेला (हे लिटन आधी बंगालचे गव्हर्नर होते), १९३३ ला अहवालावर ४२ विरुद्ध १ मतदान, तो एक म्हणजे जपान, उठून चालू लागला. १९३५ ला इटली ॲबिसिनियात घुसल्यावर निर्बंध घातले पण त्यात तेलच नाही आणि सुएझ कालवा पण उघडाच, मग रणगाडे थांबणार कसे.

आता तक्रारी. भारत ब्रिटिशांच्या ताब्यात असूनसुद्धा लीगचा संस्थापक सदस्य होता, पहिलं महायुद्ध संपवणाऱ्या व्हर्सायच्या तहावर भारतमंत्री मॉंटेग्यूबरोबर बिकानेरच्या गंगासिंह महाराजांची सही हाय, १९३७ ला आगाखान लीगच्या असेंब्लीचे अध्यक्ष झाले, ह्यातलं नोट्समध्ये काहीच नाही, मी विचारलं तर पुढच्या तासाला बघू. ती पुढची वेळ आलीच नाही. दुसरं म्हणजे जे टिकलं ते पळवलं. १८६५ ची तार संघटना, १८७४ ला बर्नमध्ये झालेली टपाल संघटना, १९१९ ची कामगार संघटना, निर्वासितांसाठी नानसेन पासपोर्ट, सगळं मिळून दहा मिनिटं. लीग १९४६ ला विसर्जित झाली पण कामगार संघटना अजून चालू हाय, तार आणि टपालवाल्या पण. सहकाराच्या जिल्ह्यातल्या माणसानं हाच भाग गुंडाळावा म्हणजे कमालच! मेन्समध्ये ‘लीगचं योगदान’ असा प्रश्न पडला तर मार्क इथंच हायत.

हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पार्किंगचं नावच काढू नका. मागं बसलात तर फक्त पंखा ऐकू येतो. रेकॉर्डिंग देतात पण दोनदाच बघता येतं, ते पण मोबाईलवरच.

फक्त प्रीलिमचे ऑब्जेक्टिव्ह करणाऱ्यांनी पैसे घालवू नका, तारखा कुठंपण मिळतात. उत्तर लिहायचंय त्यांनी जावा, दुसऱ्या रांगेत बसा आणि युरोपचा नकाशा घरनं न्या, कारण त्यांच्या झेरॉक्समध्ये १९२१ ला लीगनं फिनलंडला दिलेली ऑलंड बेटं शाईतच बुडाल्यात.