मल्टिमीटरची ‘दुरुस्ती’ : प्रीसेट फिरवून झालेली फसवणूक

माझा साडेतीन अंकी (जास्तीत जास्त १९९९ दाखवणारा) डिजिटल मल्टिमीटर व्होल्टेज कमी दाखवू लागला आहे, हे मला १० व्होल्टच्या एका संदर्भ-मॉड्यूलमुळे, म्हणजे ठरावीक अचूक व्होल्टेज देणाऱ्या छोट्या सर्किटमुळे, कळले. मॉड्यूल एडी ५८४ या चिपवर आधारलेले होते आणि त्या चिपच्या सर्वांत खालच्या श्रेणीलाही १० व्होल्टवर ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त चूक माफ नसते. मीटरच्या पुस्तिकेत डीसी व्होल्टेजसाठी ०.५ टक्का अधिक शेवटच्या स्थानावरचे २ अंक अशी अचूकता दिली होती, म्हणजे २० व्होल्टच्या रेंजवर १० व्होल्ट मोजताना फार तर ०.०७ व्होल्टचा फरक पडायला हवा होता. प्रत्यक्षात पडद्यावर ९.६५ दिसत होते.

बॅटरी उतरली असेल, ही पहिली शंका मी स्वतःच निकालात काढली होती. अशा मीटरमधील संदर्भ-व्होल्टेज, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून आकडा ठरतो ते व्होल्टेज, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या चिपमधूनच येते. बॅटरी फार उतरली की तो संदर्भ खाली घसरतो आणि वाचन जास्त दिसू लागते. माझे वाचन कमी होते, शिवाय नवी बॅटरी घालूनही ते तसूभर हलले नाही. प्रोबच्या तारा बदलून पाहिल्या, रोटरी स्विचचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, तरीही ९.६५ कायम राहिले. येथे मी थांबलो. सर्व रेंज तपासून त्या आकड्यांची नोंद केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु आतील भागांना हात लावून उरलीसुरली अचूकताही घालवू, या भीतीने मी मीटर एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे सोपवला.

चार दिवसांनी त्यांनी मीटर परत दिला आणि आयसी खराब झाली होती म्हणून बदलली, फ्यूजही गेला होता म्हणून नवा घातला, शिवाय कॅलिब्रेशन (प्रमाणाशी पडताळून जुळवणी) करून दिले, असे सांगितले. त्यांनी आपल्या टेबलावरील पॉवर सप्लाय १० व्होल्टवर लावून माझ्यासमोर प्रोब टेकवले आणि पडद्यावर १०.०० उमटले. मीटरच्या पाठीवर ‘कॅलिब्रेटेड’ असे स्टिकर होते आणि सोबत एक छापील कागदही होता. नव्या मीटरच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम मी तेथेच दिली आणि समाधानाने परतलो. एका रेंजवरील एका वाचनाने माझे समाधान झाले, याची आज लाज वाटते.

उलगडा झाला तो काही आठवड्यांनी, चार्जरचे बोर्ड तपासताना. बोर्डाची प्रवाहमर्यादा २.०० अँपिअरला बांधलेली होती आणि मीटर २.०७ दाखवत होता. पहिल्या बोर्डाला मी दोष दिला, दुसऱ्यालाही दिला. तिसऱ्यानेही तेच दाखवल्यावर मात्र मीटरबद्दल संशय आला, कारण तीन वेगवेगळ्या बोर्डांची चूक एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात होणे संभवत नाही. मग संदर्भ-मॉड्यूलला ०.१ टक्का अचूकतेचे रेझिस्टर जोडून १०० मिलिव्होल्ट तयार केले आणि २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर मोजले. मीटरने १०३.६ दाखवले. २० व्होल्टच्या रेंजवर १० व्होल्ट मात्र अजूनही १०.०० दिसत होते आणि रोध मोजण्याच्या रेंज निर्दोष होत्या.

या तीन निरीक्षणांतच सगळी कथा होती. या प्रकारच्या मीटरमध्ये मुळात २०० मिलिव्होल्टच मोजले जातात. मोठ्या व्होल्टेजसाठी रेझिस्टरांच्या साखळीतून व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा पुढे दिला जातो आणि प्रवाहासाठी शंटवरचे, म्हणजे प्रवाहाच्या वाटेतील अगदी लहान ज्ञात रोधावरचे, मिलिव्होल्ट मोजले जातात. संदर्भ-व्होल्टेज ठरवणारा प्रीसेट (पेचकसाने फिरवून जुळवायचा छोटा बदलता रेझिस्टर) फिरवला की व्होल्टेज व प्रवाह यांच्या सर्व डीसी रेंज एकाच टक्क्याने वर-खाली होतात. रोधाच्या रेंजवर मात्र परिणाम होत नाही, कारण तेथे आतील ज्ञात रेझिस्टरशी गुणोत्तर काढले जाते. माझ्या मीटरचा मूळ दोष साखळीत असणार आणि तो दूर न करता प्रीसेट फिरवून फक्त दहाचा आकडा जुळवलेला असणार, हे उघड होते.

मागचे झाकण उघडल्यावर उरलेले सारे दिसले. ज्या आयसीला बदलल्याचे सांगितले होते, ती मुळात पाय असलेली वेगळी आयसी नव्हतीच. बोर्डावर थेट बसवून काळ्या इपॉक्सीच्या ठिपक्याखाली बंद केलेली ती चिप होती, जी बदलायची तर बोर्डच बदलावा लागतो. बोर्ड तर जुनाच होता, माझ्या हातून पूर्वी पडलेल्या ओरखड्यासह. प्रीसेटवर कारखान्यात लावलेला रंगाचा ठिपका फुटलेला होता. मित्राच्या अधिक बारीक वाचन देणाऱ्या साडेचार अंकी मीटरने प्रीसेटच्या मधल्या पायावर संदर्भ-व्होल्टेज मोजले, तेव्हा १००.० ऐवजी ९६.५ मिलिव्होल्ट मिळाले. डीसी व्होल्टच्या रेंजवर ठेवलेल्या माझ्या मीटरचा प्रवेशरोध (दोन प्रोबांमधला मीटरचा स्वतःचा रोध) त्याच साधनाने मोजला, तो १० मेगोहमऐवजी १०.३६ भरला. साखळीतील सर्वांत वरचा ९ मेगोहमचा रेझिस्टर ९.३६ झाला होता. पूर्वी एकदा इग्निशन कॉइलपाशी मोजमाप करताना बसलेला उच्च व्होल्टेजचा झटका त्याला कारण असावा. एका सुट्या भागाचे काम होते, इतकेच.

मी अचूक रेझिस्टर मागवून बसवला. सोल्डर केल्यावर फ्लक्सचा (सोल्डर नीट चिकटावा म्हणून लावतात त्या द्रव्याचा) अंश नीट धुऊन काढला, कारण मेगोहमच्या रोधाशेजारी तेवढी गळतीही वाचन बिघडवते. त्यानंतर १० व्होल्टला १०.३६ दिसू लागले आणि लपवलेली चूक पहिल्यांदा पूर्ण उघडी पडली. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर १००.० येईपर्यंत प्रीसेट हळूहळू मागे आणला. मग व्होल्टेजच्या रेंज आपोआप जुळल्या.

तो छापील कागद आता पुन्हा वाचला. त्यावर एकही वाचन नव्हते, कोणत्या प्रमाण-साधनाशी तुलना केली त्याचा उल्लेख नव्हता, मापनातील अनिश्चितता दिलेली नव्हती, माझ्या मीटरचा अनुक्रमांकसुद्धा नव्हता. आयएसओ/आयईसी १७०२५ या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात या सर्व गोष्टी असतात, आणि मी त्या मागितल्या असत्या तर हा व्यवहार तेथेच मोडला असता. मीटर दुरुस्तीला देण्यापूर्वी प्रत्येक रेंजवरचे एक तरी वाचन लिहून ठेवावे, आतील बोर्डाचे छायाचित्र काढावे, बदललेला भाग परत मागावा आणि परत घेताना मिलिव्होल्ट, व्होल्ट, प्रवाह व रोध या चारही बाजू तपासून मगच पैसे द्यावेत, असे मी आता भेटेल त्याला सांगतो. त्या गृहस्थांना मी जाब विचारला तेव्हा “दहाला दहा दाखवत होता ना?” एवढेच उत्तर मिळाले.

पैशापेक्षा मला राग आला तो फ्यूजचा. होल्डरशेजारी बोर्डावर १० अँपिअर, ६०० व्होल्ट असे छापलेले आहे. तेथे मूळचा वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज काढून २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज बसवलेला निघाला. चुकून प्रवाहाच्या सॉकेटमध्ये प्रोब ठेवून मोठ्या क्षमतेच्या पुरवठ्याला टेकवले गेले, तर वाळू ठिणगीची कमान विझवते. काच मात्र फुटू शकते आणि कमान तशीच चालू राहते, तीही मीटर हातात असताना. आकडा चुकवणे एक वेळ आळस म्हणता येईल, हे तसे म्हणता येत नाही. योग्य फ्यूज मागवला आहे. तोपर्यंत १० अँपिअरच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.