शेजाऱ्याने आपली लाइन किंवा पाणी ओढलं तर: विजेचा कायदा, पाण्याचा कायदा आणि आधी कुठे जायचं

गावचं घर बंद, माणसं मुंबईत, आणि तरी बिल दर महिन्याला फुगतंय. चाकरमान्यांच्या घरात हे बरंच होतं आणि मग शंका येते ती शेजारच्या आगरातल्या पंपावर. असं झालं की लोक दोनच गोष्टी विचारतात, पोलिसात जाऊ की गावात मिटवू. माझं म्हणणं असं की त्याच्याही आधी बघायचं ते म्हणजे लाइन नक्की कुठून ओढलीय, कारण शिक्षा, दंड, तक्रार कोण घेणार आणि ती मागे घेता येणार की नाही हे सगळं त्यावर ठरतं.

विजेचं आधी, कारण तिथे कायदा तयार आणि चांगलाच कडक आहे. खांबावरून आकडा टाकलाय किंवा तुमच्या मीटरच्या आधीच्या सर्व्हिस वायरला जोड मारलाय, तर ती वीज अजून महावितरणची आहे, तुमची नाही. इथे विद्युत अधिनियम 2003 चं कलम 135 लागतं. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लोड 10 किलोवॅटच्या आत असेल (घर, पंप, छोटं होमस्टे सगळं यातच बसतं) तर पहिल्या वेळी दंड चोरीतून झालेल्या फायद्याच्या किमान तिप्पट, दुसऱ्यांदा सापडला तर किमान सहापट. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, खटला विशेष न्यायालयात चालतो. वरून वसुली वेगळी, चोरी नक्की कधीपासून ते कळलं नाही तर मागच्या 12 महिन्यांचं, दराच्या किमान दुप्पट. महावितरणने लाइन तोडली की अधिकाऱ्याने 24 तासांत पोलिसात लेखी तक्रार द्यायची असते, आणि आकारलेले पैसे भरले की 48 तासांत पुरवठा परत, पण केस चालूच राहते.

केस मिटवायची सोय कायद्यातच आहे, कलम 152. कायद्यातल्या तक्त्यात किलोवॅटमागे घरगुतीला 4,000, व्यापारीला 10,000, शेतीला 2,000, उद्योगाला 20,000 असे दर आहेत, सरकार ते बदलू शकतं. म्हणजे 3 किलोवॅटचं होमस्टे व्यापारी धरलं तर तडजोडीचेच 30,000, बिलाची वसुली बाजूला. ही सवलत माणसाला आयुष्यात एकदाच. आणि तक्रार करण्याआधी शांतपणे विचार करायचा मुद्दा हा की ही तडजोड महावितरणच्या हातात आहे, तुमच्या नाही, नंतर शेजारचे काका दारात येऊन रडले तरी तुम्ही केस मागे घेऊ शकत नाही.

आता दुसरा प्रकार, जोड मीटरच्या पुढे. पडवीतल्या सॉकेटमधून, माळ्यावरून, मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) वायरिंगमधून. इथे युनिट तुमच्या मीटरवर पडलेत, महावितरणला पैसे मिळालेत, त्यामुळे ऑफिसात बरेचदा ऐकून घ्यावं लागतं की हा तुमचा आपसातला मामला आहे. शिवाय विजेला चोरीच्या साध्या कलमातली जंगम वस्तू मानत नाहीत, म्हणून नुसतं 'माझी वीज चोरली' म्हणून ठाण्यात गेलात तर अडखळायला होतं. पैसे परत हवे असतील तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा, आणि महिन्याच्या पाचसातशे रुपयांसाठी तो रस्ता मला तरी परवडणारा वाटत नाही.

पण म्हणून दुर्लक्षही करू नका, कारण या प्रकारात अडकायची पाळी तुमच्यावर येऊ शकते आणि हे लोकांना माहितच नसतं. एक म्हणजे विद्युत अधिनियमाचंच कलम 126. मंजूर जागा सोडून दुसऱ्या जागेला वीज वापरणं हा अनधिकृत वापर, दुप्पट दराने आकारणी, काळ ठरला नाही तर 12 महिन्यांची. म्हणजे तुम्ही चांगुलपणाने 'घे रे, मीटर येईपर्यंत आमच्याकडून लाइन घे' म्हणालात तरी बिल तुमच्या नावावर येणार (अंतिम आदेशावर 30 दिवसांत अपील करता येतं, पण निम्मी रक्कम आधी भरून). दुसरं म्हणजे मीटरशी कोणी छेडछाड केलेली सापडली तर कायदा आधी असंच धरून चालतो की ती ग्राहकाने केली, उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि तुम्ही तर वर्षभर डोंबिवलीला. तिसरी गोष्ट सगळ्यात भीतीची. रानडुकरांसाठी लोक बागेच्या कडेने तारेत करंट सोडतात, त्यात माणसं गेलेली आहेत कोकणात. ती तार तुमच्या मीटरवरून गेली असेल तर निष्काळजीपणाने मृत्यूच्या केसमध्ये, जिथे 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पहिली चौकशी तुमच्या दारात येणार. यासाठी एक दिवस पण थांबू नका.

शोधायचं कसं ते सांगतो. घरातला मेन स्विच खाली पाडा आणि मीटरवरचा बारीक लाल दिवा बघत उभे रहा. मेन बंद असून दिवा लुकलुकत राहिला तर जोड बहुतेक मीटर आणि मेन स्विचच्या मधे आहे. दिवा थांबला आणि त्याच क्षणी गडग्यापलीकडचा पंप पण थांबला, तर जोड तुमच्या घरच्या वायरिंगमधे. दिवा आधीपासून शांतच आहे आणि पंप चालूच राहिला, तर त्याची लाइन तुमच्या मीटरवरून नाही, मग त्याचं स्वतःचं कनेक्शन आहे की आकडा हे महावितरण बघेल. अर्थ-लीकेजचा स्विच सारखा ट्रिप होत असेल तर कोणीतरी फेज तुमचा घेऊन न्यूट्रल दुसरीकडून घेतलाय ही एक शक्यता, पण जुन्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात इतक्या ओल धरतात की त्यानेही ट्रिप होतो, म्हणून लगेच नाव घेऊ नका, आधी परवानाधारक वायरमनकडून बघून घ्या. आणि सापडलेली वायर स्वतः कापू नका, जिवंत असते आणि पुरावाही तोच आहे.

पाण्याचं सगळं वेगळं. विजेसारखा एक सरळ कायदा नाही, तीनचार ठिकाणी तुकडे आहेत. ग्रामपंचायतीच्या नळाला कोणी मेन लाइनवर टुल्लू पंप लावून खेचत असेल आणि तुमच्याकडे धार येत नसेल, तर पहिला रस्ता ग्रामपंचायत, ती पंप काढायला लावू शकते, कनेक्शन तोडू शकते. मेन पाइपच फोडला असेल तर मात्र सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा 1984 लागू शकतो, पाणीपुरवठ्याच्या मालमत्तेला किमान 6 महिने ते 5 वर्षं सक्तमजुरी. पिण्याचं किंवा शेतीचं पाणी कमी होईल असं नुकसान मुद्दाम करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली गुन्हा, 5 वर्षांपर्यंत. कागदावर ही शिक्षा विजेपेक्षा मोठी दिसते, पण नुकसान आणि हेतू दाखवावा लागतो, आकडा टाकलेली वायर जशी फोटोत दिसते तसं इथे होत नाही. तुमच्या टाकीतून पाणी चोरलं म्हणून त्याच संहितेचं चोरीचं कलम 303 लावायला गेलात तर 5,000 च्या खालच्या पहिल्या चोरीला, किंमत परत दिली की, फक्त समाजसेवा आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपासही करणार नाहीत.

विहिरीच्या बाबतीत तर जास्तच जपून. सामाईक बाव असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय ते आधी बघा. सुविधाधिकार कायदा 1882 प्रमाणे 20 वर्षं उघडपणे, कोणाची अडवणूक न होता, हक्काने पाणी भरलं असेल तर तो त्या घराचा हक्क होऊ शकतो, तुम्ही चोरी म्हणाल आणि कोर्टात तुम्हीच अडवणारे ठराल. परवानगीने भरत असतील तर हक्क तयार होत नाही, म्हणून परवानगी द्यायची तर चार ओळी लिहून द्या, एप्रिल-मे मधे पाणी नाकारायला मी कधीच सांगणार नाही.

वायफायचं थोडक्यात, पासवर्ड चोरून वापरणं आयटी कायद्यात बसू शकतं, 3 वर्षं किंवा 5 लाखांपर्यंत दंड, पण पासवर्ड बदलून विषय संपतो.

मग माझा कल कुठे? मीटरच्या आधीचा आकडा असेल तर मी गावकीत नेणार नाही, सरळ महावितरणला लेखी देईन, कारण गप्प बसलं तर उद्या संशय आपल्यावर. मीटरच्या पुढचा जोड असेल तर आधी तोंडी, मग महावितरणला 'माझ्या कनेक्शनवर अनधिकृत जोड आढळला, तपासणी करावी' असं पत्र, कोणाचं नाव न घेता. यात शेजारधर्मही राहतो आणि तुम्ही कळवलं होतं याला पुरावाही राहतो. शॉकची तार असेल तर मात्र तोंडी काहीच नाही, त्याच दिवशी महावितरणच्या 1912 हेल्पलाइनला फोन आणि पोलीस. पाण्यासाठी उलट, आधी सरपंच आणि तंटामुक्त समिती, कारण तिथे गावाने ठरवलेलं जेवढं टिकतं तेवढं कलम टिकत नाही, पाइप फोडला तरच पोलीस. पत्रात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, जोड कुठे दिसला ती जागा, तारीख घातलेले फोटो, मागच्या वर्षभराची बिलं जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.